मधाचा पार्ट

पळसटोल्याचा पत्रू ढिवर वर्षभर नदीच्या पाण्यात नाहीतर येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांखाली दिसायचा. मंडईच्या दिवशी मात्र तो राजा असायचा. भाऊबीज झाली की सावली गावाच्या अवतीभवती गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारी म्हणजे गावच्या नाटकमंडळ्या उभ्या राहतात. पळसटोल्याच्या दंडारीत राजाचा पार्ट पत्रूचाच, हे गावानं इतकं धरून चाललेलं होतं की एरवीही तो जाळं खांद्यावर टाकून निघाला की बाया विचारायच्या, "काय राजे, आज परजा भेटली का नाई जाळ्यात?" पत्रूही मान ताठ करून म्हणायचा, "भेटली वो, पन चिल्लर हाये."

त्याचा बापही दंडारीतलाच, पण बापाच्या वाट्याला आयुष्यभर चवरी ढाळणारा, दिवटी धरणारा असलेच पार्ट आले. राजाच्या खुर्चीमागं उभा असलेला बाप पाहत पत्रू वाढला. म्हणूनच असेल, त्याला खुर्चीवर बसायची फार हौस. हरिश्चंद्र तो, कंस तो, रावण तो. पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर बेगड, कडेला काचेचे मणी. हा मुकुट तो घरात देवाजवळच्या खुंटीला टांगून ठेवायचा. दसऱ्याला भागीरथा, म्हणजे त्याची बायको, जाळं, कोयता, कुऱ्हाड मांडून हळदकुंकू वाहायची तेव्हा मुकुटालाही वाहायची. कुणी हसलं तर म्हणायची, "ज्याच्यानं मानूस उभा राह्यते त्याले हात जोडावंच लागते."

पोटाला मासोळी होती, थोडं धान होतं, आणि पावसाळ्यानंतर कोसा, म्हणजे रानातलं रेशीम. येनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडायच्या आणि त्या कोश करेपर्यंत दिवसरात्र राखायच्या. पाखरू येऊ द्यायचं नाही, मुंगी चढू द्यायची नाही. हे काम पत्रू आणि त्याचा काका पोचू दोघं करायचे. ते व्रतच असतं. अळ्या झाडावर आहेत तोवर राखणारानं अंगा-डोक्याला तेल-साबण लावायचं नाही, दाढी-केस कापायचे नाहीत, मासमच्छी खायची नाही, बायकोच्या हातचं अंथरूण नाही. पोचूकाका तर त्या दिवसांत जोरानं बोलायचासुद्धा नाही. अळ्यांना तो 'महाराज' म्हणायचा.

त्या सालच्या दसऱ्याला संध्याकाळी गुणवंतरावांच्या ओसरीवर माणसं सोनं द्यायला जमली होती. गुणवंतराव गावचे जुने मालगुजार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली त्याला दोनतीन वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडातून 'मालक' सुटलं नव्हतं आणि गुणवंतरावांच्या तोंडातून 'बे' सुटलं नव्हतं. त्यांना साखरेचा रोग होता. डाव्या गुडघ्याखाली रुपयाएवढी जखम कधीची होती, ती आता तळहाताएवढी झाली होती. वैद्य लेप देऊन थकले. फडकं दिवसातून दोनदा बदलायचे, तरी पिवळं पाणी बाहेर यायचं, आणि त्या वासावर माश्या. माश्या अशा की पाय हलवला तरी उठत नसत. म्हातारा खुर्चीवर बसून पान चघळे, एका हातानं पंचा हलवी, आणि मधेच मांडीवरची एखादी माशी चिमटीत धरून चिरडून बोट खुर्चीच्या हाताला पुसे. त्या खुर्चीच्या हाताकडे बघवत नव्हतं. तीच खुर्ची मंडईत लाल कापड गुंडाळून राजाचं सिंहासन व्हायची.

नथ्थू गुरुजी गावच्या शाळेवर नवे होते, नागपूरकडून आलेले. त्यांच्याजवळ इजिप्तचं, म्हणजे मिसर देशाचं, पुस्तक होतं. मंडईत नवं काहीतरी करावं म्हणून ते त्यातला एक राजा वाचून दाखवत होते.

"पेपी त्याचं नाव. या नावाचा हा दुसरा. सहा वर्षांचा असताना गादीवर बसला. आई कारभार पाहायची. मग तो राज्य करत राहिला ते नव्वदाच्या वर वर्षं, असं जुने लिहिणारे लिहून गेले."

"नव्वद?" कोणीतरी म्हणालं. "मंग त्याचे पोरंच म्हातारे झाले असतीन जी."

"मेलेही असतील. आणि शेवटी शेवटी सरदार आपापल्या जागी राजे झाले. तो गेल्यावर थोड्याच काळात राज्य फुटलं."

गुणवंतराव पान चघळायचे थांबले. "मीबी सहाच वर्सांचा होतो," ते म्हणाले. "बाप गेला तवा. मायनं मले मांडीवर घेऊन कचेरी केली. मोठमोठे पाटील मले वाकून रामराम करत, अन् मी मायच्या पदरात मुतत होतो."

लोक हसले. गुणवंतराव दोन मुलगे मसणात पोचवून बसलेले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी काढलं नाही.

गुरुजींनी पुढं सांगितलं. या पोरगेल्या राजासाठी त्याच्या एका सरदारानं दक्षिणेकडून एक ठेंगणा नाचणारा माणूस आणला. राजाला इतका आनंद, की त्यानं निरोप धाडला: नावेतून आणताना त्याच्या दोन्ही अंगांना माणसं बसवा, पाण्यात पडू देऊ नका, झोपला की उठून उठून बघा.

"हा पार्ट माहा," झाडू गुराखी मागून म्हणाला. तो उंचीला कमी होता आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. "मले बी आयुष्यात कोनी दोन मानसं देईन राखाले."

"आणि मोठेपणी," गुरुजींनी पान उलटलं, "माश्यांचा त्याला फार तिटकारा. म्हणून म्हणे तो नोकरांच्या उघड्या अंगाला मध फासून जवळ उभे करी. माश्या नोकरांवर बसत, राजाजवळ येत नसत. खरं की खोटं कोणी सांगू शकत नाही, पण गोष्ट चालत आलेली आहे."

ओसरी पुन्हा हसली. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग पाहिलं पत्रूकडे. पत्रू उघड्या अंगानं खांबाला टेकून उभा होता. उंच, रुंद छातीचा.

"हेच नाटक करा," ते म्हणाले. "पडदा, बत्ती, सामान, समदं माह्याकडून. राजा मी होईन."

 सगळ्यांनी पत्रूकडे पाहायचं टाळलं.

"पत्रू, तू मधाचा पार्ट कर. त्याले दम लागते. उभं राहाचं, हालाचं नाई, माशी नाकात शिरली तरी हात उचलाचा नाई. दुसऱ्या कोनाच्यानं होईन ते? अन् पुढच्या साली राजा तूच, मी सांगून राह्यलो."

पत्रूला बाप आठवला, खुर्चीमागचा. तरी तो म्हणाला, "मालक, मी कोशावर हावो. आंगाले काई लावाचं नाई चालत."

"तेल नाई चालत. मध काय तेल हाये का बे? देवाच्या आंगाले लागते मध. पंचामृतात पडते. देव बाटला नाई अन् तू बाटशीन?"

हे ऐकून जमलेल्यांनी माना डोलावल्या. पत्रूलाही पटलं. घरी जाता जाता तो स्वतःशी तेच म्हणत होता: व्रतात तेल सांगितलं आहे, साबण सांगितला आहे, मधाचं नाव कोणी घेतलेलं नाही. जे महादेवाच्या पिंडीवर चालतं ते माझ्या पाठीवर काऊन चालू नये? इतकं सोवळं कारण सापडल्यावर त्याला हायसं वाटलं. भागीरथाला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "देवाच्या आंगावरचं तीर्थ होते. तुमच्या आंगावरचं काय होईन?"

तालीम दुपारची ठरली. रात्री माश्या कुठून येणार, असं गुणवंतरावांचं म्हणणं. पार्ट खराखुरा बसला पाहिजे. मध कोलू आणायचा. तो नदीपल्याडच्या जंगलातल्या गोंडांच्या गावचा, दरसाल मोहाची फुलं, मध, डिंक घेऊन यायचा आणि मीठ, कापड घेऊन परत जायचा. त्याचा मध विकतच्या बाटलीतला नसे. मडक्यात पोळ्यासकट पिळलेला, वर मेलेल्या मधमाश्यांचे पंख, खाली पांढऱ्या पिल्लांचा गाळ. गुणवंतरावांच्या घरचा गडी तो तसाच पळीनं काढून पत्रूच्या खांद्यावर ओतायचा आणि केरसुणीच्या बुडख्यानं पसरायचा.

पहिल्या दिवशी पत्रूला वाटलं होतं, थंड लागेल. तो कोमट निघाला. मानेवरून पाठीच्या पन्हळीत उतरला, काखेत साचला, छातीचे केस एकमेकांना चिकटले. घामात मिसळल्यावर त्याला आंबूस वास येऊ लागला. मग माश्या आल्या. आधी एखाददुसरी, विचार करत असल्यासारखी. मग खुर्चीजवळचा सगळा थवा उठून त्याच्यावर आला. आणि त्या कुठून उठून आल्या हे पत्रूनं उभ्या उभ्या पाहिलं होतं. त्या पिवळ्या फडक्यावरून उठलेल्या माश्या त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर बसल्या. तिथं पाय चोळू लागल्या. पत्रूनं ओठ आत ओढून घेतले. घशाशी आंबट आलं ते त्यानं गिळलं. डोळा मिटला नाही. पार्ट होता.

गुणवंतराव खुर्चीवर मागं रेलले. पाय उघडा, फडकं सुटलेलं, आणि त्यावर एकही माशी नाही. "वा," ते म्हणाले. "वा बे पत्र्या." आणि त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशीही तोच प्रवेश झाला. तिसऱ्या दिवशीही. झाडूचा नाच एकदा झाला आणि मग 'तुहं बसलं, तू ये नोको' म्हणून त्याला घरी पाठवलं. राणीचा पार्ट करणाऱ्याला कोणी बोलावलंच नाही. गुरुजी वही घेऊन यायचे, दाराशी थोडं थांबायचे, झोपलेल्या मालकाकडे बघायचे आणि नाकाला रुमाल लावून निघून जायचे. पुढं त्यांनी येणं सोडलं. पत्रू मात्र रोज जायचा. शेवटी त्याचं एक भाषण होतं, 'हे मिसरच्या मालका, तुझ्या राज्यात सूर्य मावळत नाही' असं. ते तो रोज मोठ्यानं म्हणायचा. एक दिवस अर्धं भाषण म्हणून तो थांबला. ओसरीवर कोणीही नव्हतं. गडी आत भाकर खात होता. म्हाताऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पानाची लाळ छातीवर आली होती आणि तो सुखानं घोरत होता.

पत्रूच्या ध्यानात आलं की इथं नाटक नाहीच. एका म्हाताऱ्याला दुपारची झोप लागावी म्हणून त्याला मध फासून उभं केलेलं आहे. शेणावरच्या माश्या वळवायला शेजारी गुळाचा खडा ठेवावा तसं.

तरी तो त्या दिवशी निघून गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला. पुढच्या साली राजा तूच, हे त्याच्या कानात होतं. ही गोष्ट पुढं त्याला स्वतःलाच सगळ्यांत जास्त टोचली.

घरी भागीरथा त्याला अंगणात उभं करून पाणी ओतायची. अंगाचा मध जायचा, केसांतला जायचा नाही. कापायचे नव्हते, तेल लावायचं नव्हतं, साबणही नव्हता. ती पाणी ओतून, बोटांनी जटा सोडवून त्यातून माश्यांचे पंख वेचायची आणि प्रत्येक वेळी हात राखेनं घासायची. धोतर वेगळं धुवायची, तेही परसात. विहिरीवर नेलं तर बाया नाक धरायच्या.

"आज तुमच्या कानात पिल्लू होतं," एकदा ती म्हणाली. "मधमाशीचं. पांढरं. मले वाटलं, भाताचं शीत हाये."

"मंग?"

"मंग काई नाई. जेवन नाई गेलं मले."

इतकं होऊन पत्रू संध्याकाळी येनाच्या रानात जायचा, कारण रात्रीची राखण त्याची होती. पोचूकाकाला पहिले काही दिवस हे कळलं नाही. मग एका सकाळी काकानं पाहिलं, की ज्या झाडाला टेकून पत्रू बसतो त्या झाडावर लाल मुंग्यांची रांग चढलेली आहे. खोडावर जिथं पत्रूचं डोकं टेकतं तिथं मुंग्यांचा गोळा, आणि तिथून रांग वर, फांदीवर, पानांवर. वर जाऊन पाहिलं तर अळ्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण नुसत्या हिरव्या कातडीच्या पिशव्या, आतून खाल्लेल्या, आणि प्रत्येकीतून मुंग्या ये-जा करत होत्या. शेजारच्या झाडावर तेच. त्याच्या शेजारी तेच.

पोचूकाकानं पत्रूला हाक मारली. त्याच्या केसांत हात घातला, बोटं नाकाशी नेली.

"मध," काका म्हणाला.

"काका, मधाले मनाई नाई हाये. देवाच्या..."

"देवाच्या आंगाले लागते, माईत हाये मले. देवळात मुंग्या झाल्या तं पुजारी झाडून टाकते. इथी कोन झाडन?" काकाचा आवाज तरीही हळूच होता, महाराज ऐकतील म्हणून. "मुंगीले तुहं सोवळं समजते का, पत्र्या? जा तू. राह्यलेल्या झाडाईपाशी पाय टाकू नोको."

उरलेली झाडं काकानं एकट्यानं राखली. पत्रू नदीवर गेला आणि वाळूनं डोकं घासत बसला. टाळू सोलवटली. मध निघाला असेल, पण त्याला वास येतच राहिला.

त्या दुपारी तो गुणवंतरावांकडे गेला तो धोतर नेसून, वर बंडी घालून. "मालक, मी नाई उभा राहात आता," तो म्हणाला. "कोसा गेला माहा."

गुणवंतरावांनी त्याला खालून वर पाहिलं. रागावले नाहीत. पाय आणखी सुजला होता. अंगठा काळा पडला होता आणि ओसरीभर तो वास होता, मेलेल्या घुशीसारखा. म्हाताऱ्याच्या खुर्चीखाली, जिथं रात्रीचं लघवीचं भांडं ठेवत, तिथंही मुंग्यांची रांग होती. पत्रूला ती पाहून येनाचं झाड आठवलं.

"बरं," ते म्हणाले. "मले बी उभं राहून बोलनं होत नाई आता. मी खाली बाजूले बसीन. राजा तू हो."

"पुढच्या साली ना जी?" पत्रूनं विचारलं.

"याच साली. मंडईले. पुढच्या सालचं कोनी पाह्यलं? मधाले मी दुसरा पाहातो. फक्त माही खुर्ची तुह्या खुर्चीच्या बाजूले लावजो."

आता कोणीही म्हणेल की पत्रूनं इथं नाही म्हणायचं होतं. त्याच्या टाळूला अजून वाळूची आग होती. पण तो म्हणाला, "हाव जी." आणि घरी येऊन खुंटीवरचा मुकुट काढून त्याचे सुटलेले मणी खळीनं चिकटवत बसला. भागीरथानं विचारलं, "मध कोनाले लावतीन मंग?" तो म्हणाला, "लावतीन कोनाले तरी."  तिनं खळीचं भांडं त्याच्यापुढून उचललं नाही, सरकवलंही नाही. ते पायानं ओलांडून गेली.

मंडईचा दिवस उजाडला. मैदानात फुगेवाले, जिलेबीवाले, बांगड्यांचे कासार. चारी गावांची माणसं. मांडव उन्हातच घातला होता, मालकाच्या म्हणण्याप्रमाणं. झाडू बुटका नाच्या झाला आणि त्याला दोन बाजूंनी दोघांनी धरून आणलं तेव्हा लोक हसून हसून वाकले. तो मधेच वळून धरणाऱ्यांना म्हणाला, "नीट धरा बे, मी सरकारी माल हावो." बालपेपी झाला, सरदार झाले. मग पडदा उघडला आणि पत्रू सिंहासनावर.

किती तरी दिवसांनी त्यानं पाय खुर्चीवर घेतला, मिशीला हात लावला. टाळ्या पडल्या. डाव्या हाताला, मांडवाच्या कडेला गुणवंतराव दुसऱ्या खुर्चीवर, पाय उशीवर ठेवून. दोन खुर्च्यांच्या मधे उभा होता कोलू.

मध घेऊन आलेल्या कोलूलाच त्यांनी ठेवून घेतलं होतं. त्याला सांगितलं होतं, देवाचं काम आहे, थोडा वेळ उभं राहायचं आहे. कमरेला लंगोटी, बाकी सगळं अंग मधानं चकाकत होतं. त्याचाच मध, त्यानंच कड्यावर चढून धुरात डोळे लाल करून आणलेला. माश्या आल्या. आधी मालकाच्या पायावरच्या, मग जिलेबीच्या कढईवरच्या, मग बैलांच्या अंगावरच्या. लोक आधी हसले, मग पुढं सरसावून बघू लागले.

पत्रूनं भाषण सुरू केलं. आवाज नेहमीसारखा निघाला. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की त्याच्या चेहऱ्यावर एकही माशी नाही. इतकी माणसं, इतकं गोड, एवढं ऊन, आणि त्याच्याभोवती हवा कशी मोकळी, स्वच्छ. त्याला बरं वाटलं. अंग सैल पडलं. मागं रेलावंसं वाटलं, डोळे मिटावेसे वाटले. तो रेललाही, आणि त्याच्या तोंडातून आपोआप निघालं, "वा."

तो त्याचा आवाज नव्हता. गुणवंतरावांचा होता, अगदी तसाच, लाळेत भिजलेला.

पुढचं वाक्य होतं, 'अजून मध लावा रे याला.' गडी मडकं घेऊन वाट बघत उभा होता. पत्रूनं कोलूकडे पाहिलं. कोलूच्या पापणीवर माशी बसलेली होती. त्याला कोणी डोळा न मिटण्याचं सांगितलं नव्हतं. तो मिटत होता, उघडत होता, माशी उडत होती, परत बसत होती. तो पत्रूकडे पाहून हलक्या आवाजात बोलला, शेजाऱ्याशी बोलावं तसा.

"भाऊ, मधमाशी चावते मले, राग नाई येत. तिचं घर नेतो मी. या माश्यायचं मी काय नेलो?"

पत्रूला उमासा आला. सकाळचा भात, ओसरीवर गिळलेलं सगळं आंबट, इतक्या दुपारींचं, एकदम. त्यानं तोंडाशी हात नेला, पण थांबलं नाही. मुकुट काढला आणि त्यातच ओकला, मण्यांवर, बेगडावर, चार गावांच्या देखत. पुढच्या बायांनी पदर तोंडाला लावले. मागून कोणी ओरडलं, "राजाले बाधलं गा."

पत्रूनं मुकुट तसाच सिंहासनावर ठेवला. खांद्यावरचा लाल शेला काढून कोलूचे डोळे पुसले, तोंड पुसलं, नाक पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं. मग हाताला धरून त्याला मांडवातून खाली उतरवलं. लोकांनी वाट करून दिली, काहींनी किळसेनं, काहींनी नुसतीच. दोघं नदीकडे चालू लागले आणि माश्यांचा थवा बरंच अंतर त्यांच्या मागं गेला.

"बस बे पत्र्या," मागून गुणवंतराव म्हणत होते. "नाटक अर्धं हाये. बस खुर्चीवर."

वैनगंगेत दोघं उतरल्यावर माश्यांना तिथं काही उरलं नाही. त्या परतल्या. मांडवात तेव्हा माणूस कमी झाला होता. मडकंवाला गडीही सटकला होता. माश्यांना आपली जुनी जागा ठाऊक होती. गुणवंतराव पंचा हलवत एकटे बसले होते आणि कोणी तरी घरी घेऊन जावं म्हणून हाका मारत होते. शेवटी झाडूनं एका माणसाला सोबत घेतलं आणि त्यांना दोन बाजूंनी धरून नेलं, कारण त्याला तेवढंच नाटक पाठ होतं. त्या वासानं त्याला रात्री भाकर गेली नाही, असं तो पुढं सांगायचा. म्हातारा त्या थंडीतच गेला. जमिनी पुतण्यांनी वाटून घेतल्या आणि त्यांचं आपसांत आजही पटत नाही.

नदीवर पत्रूनं कोलूच्या पाठीवर वाळू चोळली. कोलूनं विचारलं, "हा देव कोनता होता?" पत्रूनं त्याच्या मानेवर पाणी ओतलं. "देव नोहोता," एवढं म्हणाला. कोलूनं रिकामं मडकं मागितलं नाही, तसाच पल्याड गेला. पुढच्या साली तो मध घेऊन आला, पण पळसटोल्याला वळसा घालून सावलीला गेला. 

मंडई तर दरसाल येते. गुरुजींनी, गावानं, खुद्द पोचूकाकानं राजा हो म्हणून सांगून पाहिलं. पत्रू म्हणाला, "जो पार्ट द्यान तो करतो. ज्या पार्टात खुर्ची असन तो नोको." मग तो चवरी ढाळू लागला, दिवटी धरू लागला. त्याच्या बापाला पाहिलेली म्हातारी माणसं म्हणायची, अगदी तस्साच उभा राहतो. येनाच्या झाडांकडे काकानं त्याला दोन वर्षांनी येऊ दिलं, तेही डोकं हुंगून.

पुढच्या दसऱ्याला भागीरथानं जाळं मांडलं, कोयता मांडला, कुऱ्हाड मांडली. खुंटी रिकामी होती. तिनं क्षणभर थांबून खुंटीलाच कुंकवाचं बोट लावलं.

महाशिवरात्रीला पत्रू देवळात जातो, रांगेत उभा राहतो, पिंडीवर दूध, दही, तूप, मध पडताना हात जोडतो. पंचामृत तळहातावर घेतो, डोळ्यांना लावतो. तोंडाशी नेत नाही. हात पालथा करून बेलाच्या बुडाशी सोडतो आणि मुंग्या लागतील म्हणून वर तांब्याभर पाणी ओततो. पुजारी पाहतो आणि पुढच्याच्या हातावर पळी ओततो. महादेवालाही राग येत नसावा. त्याच्या अंगावरून तर तो मध रोज धुतला जातो.